सरड्याची धाव पेटीपर्यंत

गेल्या दीड वर्षात मला सगळ्यात जास्त वेळा आलेला मेसेज एका ओळीचा आहे: 'भावा, त्या पेटीचं ड्रॉइंग टाक ना.'

पेटी म्हणजे माझ्या शिकागोच्या घरातली दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच लाकडी पेटी. तिच्यात एक शॅमेलिऑन राहतो. मराठीत सरडगुहिरा. मी तिचे फोटो टाकले, ही माझी चूक. ड्रॉइंग मी कुणालाही पाठवलेलं नाही आणि पाठवणारही नाही. का, ते एकदाच सविस्तर लिहितो.

आधी कबुली. हा प्राणी मी विकत आणला नाही. रूममेटला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नव्हते, म्हणून जाळीच्या पिंजऱ्यासकट हा माझ्याकडे राहिला. व्हेल्ड शॅमेलिऑन, नर. जात येमेन आणि सौदी अरेबियाकडची, पण हा स्वतः अमेरिकेतच कुणाच्या तरी खोलीत अंड्यातून बाहेर आलेला. 'मी विकत घेतला नाही' हा काही बचाव होत नाही. पहिले काही महिने मीही त्याच्याकडे घरातली एक भारी वस्तू म्हणूनच बघत होतो.

मग जानेवारी आला. बाहेर बर्फ, आत चोवीस तास हीटर. हवा इतकी कोरडी की माझेच ओठ फुटत होते. जाळीच्या पिंजऱ्यात ओलावा टिकेना. एका सकाळी बघतो तर याचे डोळे आत गेलेले. समोर पाण्याची वाटी काठोकाठ भरलेली. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं, की शॅमेलिऑन साचलेलं पाणी सहसा पाणी म्हणून ओळखतच नाही. तो पानावरचे थेंब चाटतो. मी रोज वाटी धुऊन भरत होतो आणि तो रोज तहानलेला राहत होता.

त्या आठवड्यात लाकडी पेटी करायला घेतली. तीन बाजूंनी लाकूड असलं की ओलावा आणि ऊब टिकते. हिशेब सोपा वाटला. प्लायचा आठ बाय चारचा एक ताव, त्याचे चार बाय दोनचे चार तुकडे. एक पाठ, दोन बाजू, चौथ्यातून तळ आणि दाराच्या पट्ट्या. करवतीचं पातं स्वतःच्या जाडीइतकं लाकूड खातं, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. एकही तुकडा पूर्ण दोन फुटांचा भरला नाही. आतून वॉटर-बेस्ड पॉलियुरेथेनचे तीन हात दिले, सांधे सिलिकॉनने भरले, वास पूर्ण जाईपर्यंत थांबलो. नाहीतर रोजच्या फवाऱ्याने प्लाय फुगतो आणि बुरशी धरतो. देवदाराचं लाकूड सुंदर दिसतं, पण त्यातली तेलं सरपटणाऱ्या प्राण्यांना बाधतात, म्हणून ते टाळलं.

आणि एवढं करून पुढचं दार लावलं अख्ख्या काचेचं. कारण फोटो चांगला येतो.

तेच फोटो तुम्ही पाहिलेत. त्यांत दिसत नाही ते सांगतो. काचेत त्याला दुसरा नर दिसत होता. हे प्राणी एकेकटे राहणारे, दुसऱ्या नराला सहन न करणारे. तो अंग फुगवायचा, फुसफुसायचा, काळपट पडायचा. खाणं कमी झालं. शिवाय खालून हवा आत यायला वाट नव्हती, त्यामुळे वर दिव्याची ऊब आणि खाली कोंदट दमटपणा. आठ दिवसांत काच काढून जाळी बसवली. आता ताजी हवा खालून येते, तापून वरच्या जाळीतून बाहेर जाते. पेटी आता फोटोत साधीच दिसते. तो मात्र पुन्हा खायला लागला.

माझं भांडण त्या काचेशी आहे. सॉफ्टवेअरमध्ये पहिला प्रश्न असतो, हे वापरणार कोण? मी पेटी बघणाऱ्यासाठी बांधली होती, राहणाऱ्यासाठी नाही. आणि रीलवर दिसणाऱ्या कितीतरी देखण्या पेट्या अशाच बांधलेल्या असतात. रंग बदलणारा शॅमेलिऑन दिसला की खाली बदामांची रांग लागते. पण तो रंग आजूबाजूला मिसळून जायचा खेळ नव्हे. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर काम करून दाखवलं, की त्याच्या त्वचेत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर बदललं की रंग बदलतो. हे घडतं ते मुख्यतः समोरच्या शॅमेलिऑनला काही सांगण्यासाठी. ऊन शोषायला किंवा भीतीनेही अंग गडद होतं. म्हणजे तुम्ही 'वॉव' लिहिता, तेव्हा तो कदाचित 'लांब हो' म्हणत असतो.

आता तुमचे मुद्दे.

पहिला: 'हा पिंजऱ्यातच जन्मलाय, त्याला जंगल माहीतच नाही.' त्याला माहीत नसेल, त्याच्या शरीराला आहे. पायाची बोटं चिमट्यासारखी, फांदी धरण्यासाठी. दोन डोळे दोन दिशांना फिरणारे, उघड्यावर नजर ठेवण्यासाठी. उन्हातले यूव्हीबी किरण मिळाले नाहीत तर त्याच्या शरीरात डी-३ तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि हाडं मऊ पडून वाकतात. खिडकीची काच हे किरण अडवते, म्हणून तिथलं ऊन त्याच्या कामाचं नाही. माझ्याकडे त्यासाठी वेगळी ट्यूब आहे, उबेसाठी वेगळा दिवा, थेंबांसाठी पंप, लपायला मनी प्लांट आणि जास्वंद. एवढं सगळं जमवल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी हजारो रुपये घालून एका झाडाची नक्कल केली आहे. तीही अर्धवट.

दुसरा: 'पेटीत तो सुरक्षित तरी असतो.' असतो. वीज जाईपर्यंत, पंप बंद पडेपर्यंत, मी सुट्टीला भारतात येईपर्यंत. झाड लोड शेडिंगने बंद पडत नाही.

तिसरा, सगळ्यांचा आवडता: 'तू ठेवलास ना? मग आम्हाला का शिकवतोस?' ठेवलाय, म्हणूनच सांगतोय. याला आता येमेनला सोडता येणार नाही आणि शिकागोच्या थंडीतही नाही. जोवर तो आहे तोवर त्याचं नीट करणं माझ्यावर आहे. तो गेल्यावर पेटीत झाडं लावीन, दुसरा आणणार नाही. ज्यांच्याकडे आधीच असा प्राणी आहे, त्यांनी माहितीसाठी जरूर विचारावं, तासभर बोलेन. नवीन आणण्यासाठी ड्रॉइंग मागणाऱ्याला मात्र देणार नाही.

इतका हट्ट का? कारण एक मेसेज. गावाकडचा मित्र. 'बांधावर एक सापडलाय, बादलीत ठेवलाय. पेटी किती दिवसांत होईल?' सोबत फोटो. निळ्या प्लास्टिकच्या बादलीत आपला देशी सरडगुहिरा, अंगाने काळा पडलेला, बादलीच्या गुळगुळीत कडेवर पाय रोवायचा प्रयत्न करणारा. मी व्हिडिओ कॉल केला. तो म्हणाला, "अरे, तुझा बघूनच उचलला." त्याला सांगितलं, ज्या झुडपावरून उचललास तिथेच नेऊन सोड. सोडला, असं तो म्हणाला. माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण ते 'तुझा बघूनच' डोक्यातून जात नाही.

त्याला तेव्हा सांगितलं तेच इथेही सांगतो. देशी सरडगुहिऱ्याला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचं संरक्षण आहे आणि त्या कायद्यात 'शिकार' या शब्दात पकडणंही येतं. बादलीत ठेवलात तरी कायद्याच्या भाषेत तुम्ही शिकारी. 'मग परदेशी जात आणू' ही पळवाटही मोकळी नाही. २०२२ मध्ये कायदा बदलला, आणि २०२४ च्या नियमांनुसार साइट्स करारातल्या यादीतले जिवंत प्राणी ठेवणाऱ्याला परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. व्हेल्ड शॅमेलिऑन त्या यादीत आहे. पण खरं सांगू? कायदा नसता तरी माझं म्हणणं हेच असतं.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' असं म्हणून आपण माणसाची कुवत काढतो. म्हणीतला तो साधा सरडा असेल, पण तिच्यातलं कुंपण बघा. निवडुंग, शेर, सागरगोटा, त्यावर चढलेल्या वेली. त्यात किडे, सावली, सकाळचं ऊन, पानावरचं दव. मी प्लाय, पंप आणि दिवे लावून जे उभं करायला धडपडलो, ते सगळं त्यात आयतं. सरड्याची धाव तिथे संपत नव्हती, तो तिथे राहत होता. आता तेच कुंपण आपण जेसीबीने उपटतो, काटेरी तार ओढतो नाहीतर सिमेंटची भिंत घालतो, आणि मग घरात सरड्यासाठी पेटी बांधायची म्हणतो.

हाताला काम हवं असेल, काहीतरी बांधायची हौस असेल, तर गावाकडच्या बांधावर दहा फूट जिवंत कुंपण लावा. त्याचं ड्रॉइंग लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुठली फांदी कधी रोवायची ते सांगतील. तिथे सरडगुहिरा येईलच असं नाही. आला तर फोटो काढा, लांबून.