गोळी वळणाऱ्या हाताची नोंद

शेड्यूल ‘टी’ आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. २३ जून २००० च्या अधिसूचनेने आयुर्वेदीय औषधनिर्मितीस उत्तम निर्मितीपद्धतीचे बंधन लागू झाले, तेव्हा जागेचे चौरस फूट, भिंतींचा गुळगुळीतपणा आणि यंत्रसामग्रीची यादी यांवर औषधनिर्मात्यांमध्ये पुष्कळ चर्चा झाली. त्याच शेड्यूलमधील एका छोट्या कलमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कामगारास कामावर घेताना आणि पुढे वर्षातून एकदा त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, तो संसर्गमुक्त आहे ना याकडे विशेष लक्ष द्यावे आणि या तपासणीची नोंद ठेवावी, असे ते कलम सांगते. आमच्या जिल्ह्यातील एका निर्मितीशाळेची ही वार्षिक तपासणी आम्ही काही वर्षे करीत आलो. त्वचा पाहावी, खोकला विचारावा, वजन घ्यावे आणि नोंदवहीत ‘निरोगी’ असे लिहून स्वाक्षरी करावी, असा आमचा परिपाठ होता.

त्याच निर्मितीशाळेत गुग्गुळकल्पांच्या गोळ्या हाताने वळणाऱ्या एक बाई एके सायंकाळी शेगावातील आमच्या चिकित्सालयात आल्या. वय चाळिशीचे. “डॉक्टरसाहेब, हात झोपते अन् मले जागं ठेवते,” असे त्या म्हणाल्या. अंगठा, तर्जनी व मध्यमा बधिर होत. मध्यरात्री मुंग्यांनी जाग येई. हात झटकला की थोडे बरे वाटे. मनगट मिनिटभर वाकवून धरताच मुंग्या सुरू झाल्या. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा डाव्या हाताच्या मानाने स्पष्टपणे ओसरलेला होता. अकोल्यास करविलेल्या नाडीवहन-तपासणीत मनगटातील मध्यवर्ती नाडीवर दाब असल्याचे निष्पन्न झाले. रोगनिदान अवघड नव्हतेच. अवघड गोष्ट पुढे होती. मालकाकडे उपचाराचा खर्च मागावा म्हणून त्यांनी आमच्याकडे कागद मागितला. आम्ही जुने केसपेपर काढले. दीड वर्षापूर्वीही त्या याच हाताची तक्रार घेऊन आल्या होत्या. त्या पानावर ‘संधिगत वात’ एवढेच निदान आणि खाली औषधयोजना. रुग्ण काय काम करते, दिवसातून किती तास करते, याचा एक शब्दही नव्हता. आणि निर्मितीशाळेच्या नोंदवहीत त्याच वर्षी, त्याच बाईंच्या नावापुढे, आमच्याच अक्षरात ‘निरोगी’ लिहिलेले होते.

मालक गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी नोंदवहीचे ते पान आमच्यापुढे ठेवले आणि इतकेच विचारले, “वैद्यराज, आपण यांना निरोगी म्हटले आहे, मग हा आजार माझ्याकडचा कसा?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

नुकसानभरपाईच्या कायद्याची स्थितीही अशा रुग्णाला अनुकूल नाही. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन झाला. चौकट मात्र बव्हंशी जुनीच आहे. कामावर असताना, कामामुळे, अपघाताने इजा झाली तर मालक जबाबदार. रोगाच्या बाबतीत तो व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात असेल, तर तो कामामुळे झाला असे गृहीत धरले जाते. या परिशिष्टात शिसे, पारा, आर्सेनिक यांची विषबाधा आहे, गोंगाटाने येणारे बहिरेपण आहे, कापसाच्या धुळीचा फुप्फुसरोग आहे. वारंवार एकाच हालचालीने झिजलेले मनगट मात्र त्यात नाही. यादीबाहेरच्या रोगासाठी तो विशिष्ट अपघाती इजेतूनच उद्भवला, हे कामगाराने सिद्ध करावे लागते. यंत्रात बोट सापडले तर तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतात. गोळ्या वळता वळता चार वर्षांत बधिर झालेल्या बोटांना तारीख कोठून आणावी?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली व्यवसायजन्य रोगांची यादी सुधारली. तीत अंगठ्याच्या बाजूच्या कंडरावरणाचा शोथ, हात व मनगट यांचा जीर्ण कंडरावरणशोथ आणि दीर्घकाळ, जोर लावून, पुनःपुन्हा केलेल्या कामाने होणारा कार्पल टनेल सिंड्रोम हे तिन्ही स्पष्ट शब्दांत नोंदविले आहेत. आपल्या परिशिष्टात त्यांचा समावेश व्हावा ही मागणी रास्तच आहे आणि आपल्या संघटनेने ती लेखी स्वरूपात शासनाकडे पाठवावी, असे आमचे मत आहे. तथापि दिल्लीतील परिशिष्ट बदलेपर्यंत शेगावातील केसपेपर कोरा ठेवण्याचे कारण नाही.

येथे एक हिशेब मांडतो, कारण औषधनिर्मात्यांना तो उपयोगी पडेल. कायम अंशतः अपंगत्वाची भरपाई अशी काढतात: मासिक वेतनाचे ६० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक, आणि त्यातून अर्जनक्षमता जितके टक्के गेली तितका भाग. चाळिसाव्या वर्षाचा गुणक १८४.१७ आहे. वेतन ९,००० रुपये आणि अर्जनक्षमतेची हानी २० टक्के धरली, तर रक्कम सुमारे दोन लाख रुपये होते. लहान निर्मितीशाळेला हा आकडा भारी आहे, हे आम्ही जाणतो. पण ज्या बाईचा उजवा हात गेला तिला तो भारी वाटत नाही.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. सुश्रुताचार्यांनी रुजाकर मर्मे आठ सांगितली. त्यांत दोन मणिबंध आहेत. मणिबंधाच्या आघाताने हाताला कुंठता येते, असे त्यांचे निरीक्षण आहे. विश्वाचीच्या वर्णनात तर कंडरांच्या दुष्टीमुळे बाहूच्या कर्माचा क्षय होतो, असे म्हटले आहे. (विश्वाची म्हणजेच कार्पल टनेल, असे समीकरण आम्ही मांडत नाही, मानेतून हातात उतरणाऱ्या व्यथेशी तिचे साम्य अधिक आहे.) लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की आमच्या आचार्यांनी व्याधीचे माप वेदनेबरोबरच कर्महानीतही घेतले. कायदा ज्याला अर्जनक्षमतेची हानी म्हणतो, ते याहून फार निराळे नाही. शरीरकर्माचा अतियोग हा हेतू चरकसंहितेने स्वतंत्रपणे सांगितला आहे आणि निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आपण विद्यार्थिदशेपासून घोकत आलो. असे असता रुग्णाच्या आहारविहाराची चौकशी करताना ‘पोटासाठी काय काम करता?’ हा प्रश्न आपण गाळतो. आम्ही तरी गाळत होतो.

वास्तविक आमच्या परिसरात या प्रश्नाची उत्तरे समोरच असतात. कचोरीच्या दुकानात पहाटेपासून पीठ मळणारा व सारण भरणारा कारागीर, खामगावचा चांदीकाम करणारा, हंगामात कापूस वेचणारी मजूरबाई यांचे मनगट एकाच तऱ्हेने दुखत नाही. पण सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या स्वतःच्या छपराखाली आहे. निश्चंद्र होईपर्यंत कज्जली घोटणारा, आरोग्यवर्धिनीला दोन दिवस निंबपत्रस्वरसाची भावना देणारा, गुग्गुळ तुपाच्या हाताने कुटणारा, चूर्णाच्या डब्यांची झाकणे दिवसभर पिळणारा आणि पंचकर्मकक्षात दिवसाला सहा-सात अभ्यंग करणारा परिचारक, हे सारे आपले नोकर आहेत. रुग्णांची मनगटे आपण शेकतो आणि त्याच तेलाची बाटली भरणाऱ्याचे मनगट आपल्याला दिसत नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. बाई घरीही भाकरी थापते, धुणे पिळते. मधुमेह, थायरॉइडची मंदता व गर्भावस्था यांतही हीच लक्षणे उद्भवतात. मग दोष निर्मितीशाळेचाच कसा? म्हणूनच नोंद हवी. रक्तशर्करा व थायरॉइड तपासून तसे लिहावे. लक्षणे कोणत्या हातात आधी आली, साप्ताहिक सुट्टीनंतर कमी झाली काय, काम बदलल्यावर काय झाले, हे रुग्णाच्या शब्दांत व तारखेसह लिहावे. काम कोणते, किती तास, किती वर्षे. अंगठ्याचा उंचवटा दोन्ही हातांत सारखा आहे काय. मूठ किती घट्ट वळते, हेही लिहावे. प्रामाणिक नोंद कधी मालकाच्या बाजूने जाईल, कधी कामगाराच्या. अपंगत्वाचे टक्के ठरविताना प्रत्यक्षात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या प्रमाणपत्रालाच वजन राहते, आणि दावा साधारणतः दोन वर्षांच्या आत करावा लागतो. परंतु रुग्ण प्रथम आपल्याकडे येतो. पहिली तारीख लिहिण्याचे काम आपले आहे आणि मागाहून ती कोणालाही लिहिता येत नाही.

औषधनिर्मात्यांना विनंती अशी की वार्षिक तपासणीच्या नोंदवहीत हातांसाठी एक रकाना आखावा. वटी कापण्याचे यंत्र शेड्यूल ‘टी’च्या यंत्रयादीतच आहे, ते निरीक्षकाला दाखविण्यापुरते न ठेवता चालवावे. हातानेच वळायचे असेल तर दोन तासांनी माणूस बदलावा. गोळी हाताने वळल्यानेच गुणकारी होते, असे मानणारे काही ज्येष्ठ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांनी एक पंधरवडा स्वतः वळून पाहाव्यात.

त्या निर्मितीशाळेत गेल्या तपासणीपासून असा रकाना आम्ही हाताने आखला आहे. मालकांनी त्या बाईंच्या उपचाराचा अर्धा खर्च दिला, तोही सद्भावनेने, कारण हक्क म्हणून मागण्याजोगा कागद त्यांच्यापाशी नव्हता. त्या आता लेबले चिकटवितात. रात्रीची झोप लागते. अंगठ्याचा उंचवटा मात्र भरून आलेला नाही. लेबलांची रोजची मजुरी गोळ्यांच्या मजुरीहून कमी आहे.