पाळण्यावरचा छुपा डोळा

खारघरच्या एका पाळणाघरात नोव्हेंबर २०१६ मध्ये अवघ्या दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण दूरचित्रवाणीवर साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. सांभाळणाऱ्या बाईला अटक झाली, पाळणाघरांच्या नियमनाचा प्रश्न ऐरणीवर आला. एक बाब मात्र गदारोळात मागे पडली. कॅमेरा तेथे होताच. चित्रण पाहिले गेले ते मुलीला इजा झाल्यानंतर. कॅमेऱ्याने पुरावा दिला. मुलीला वाचविले नाही.

घरी मूल सांभाळणाऱ्या बाईच्या नकळत घड्याळात वा खेळण्यात कॅमेरा दडवावा काय, याचा विचार या घटनेपासून सुरू करावा लागतो. आईवडिलांची भीती निराधार नाही. दोघेही नोकरीवर, आजी-आजोबा गावी आणि ज्याच्यावर अन्याय होईल त्याला बोलताही येत नाही. तक्रार करू न शकणाऱ्या जिवासाठी घरात पहारा ठेवणे गैर म्हणता येणार नाही. पण पहारा छुपा का असावा? उघड्या कॅमेऱ्याचा निदान धाक असतो. छुपा कॅमेरा अपराध घडण्याची वाट पाहतो.

गोंदिया जिल्ह्यातील चोरखमाऱ्याला लागून असलेल्या नागझिऱ्याच्या जंगलात वाघांच्या नोंदीसाठी कॅमेरे बांधले जातात. तेथे वाघाची संमती विचारण्याचा प्रश्न नसतो. घरात दिवसाचे आठ-दहा तास राबणारी बाई मात्र माणूस आहे. तेथेच ती जेवते, दुपारी घटकाभर आडवी होते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला खरा. परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर वगळलेला आहे. न्हाणीघरात वा कपडे बदलताना एखाद्या स्त्रीचे चोरून चित्रण करणे हा फौजदारी गुन्हा आहे. स्वयंपाकघर आणि दिवाणखान्याबाबत मात्र सारे मालकाच्या सद्सद्विवेकावर सोपविलेले.

शिवाय इंटरनेटला जोडलेला कॅमेरा केवळ आईच्या मोबाइलपुरता राहतोच असे नाही. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिला रुग्णांचे चित्रण बाहेर विकले जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आले. बाईवर नजर ठेवताना आपल्याच बाळाची न्हाऊमाखूची दृश्ये परक्यांच्या हाती पडू शकतात, हे दुकानदार सांगत नाही.

तेव्हा कॅमेरा लावायचाच तर कामावर ठेवतानाच बाईला सांगावे, तो कोठे आहे ते दाखवावे, तिच्या विश्रांतीची जागा त्यातून वगळावी. अंगावर वळ दिसू लागले, मूल तिला पाहून दचकू लागले, तर चित्रणाची वाट न पाहता त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

मुळात ही वेळ येते ती भरवशाची पाळणाघरे नाहीत म्हणून. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक करणारी दुरुस्ती २०१७ मध्ये झाली. लहान कचेरीत काम करणारी आई त्या तरतुदीच्या बाहेर राहिली. तिचे बाळ सांभाळण्यासाठी स्वतःचे मूल शेजारणीकडे ठेवून येणारी बाईही.