पांढरा होण्याआधी

रविवारी सकाळी आमच्या घरी अंड्यांचं खातं माझ्याकडे असतं. तव्यावर अंडं फोडलं की त्याचा ‘पांढरा’ भाग आधी पांढरा नसतोच. त्यातून खालचा काळा तवा स्वच्छ दिसतो. मग कडेनं तो दुधाळ होतो आणि मिनिटाभरात तवा दिसेनासा होतो. त्यात रंग कुणीच घातलेला नसतो. साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात, एकमेकींत अडकून त्यांचे गठ्ठे होतात आणि आरपार जाणारा प्रकाश त्यांच्यावर आपटून चहूकडे विखुरतो. तो विखुरलेला प्रकाश म्हणजेच हा पांढरेपणा. तवा गार केला म्हणून तो मागे फिरत नाही.

हेच काही वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांत मुद्दाम घडवावं लागलं. मधुमेह जुना, पण वाचता येत होतं, म्हणून डोळे तपासायला मी कधी गेलोच नाही. एके दिवशी डोळ्यासमोर काळे धागे तरंगू लागले. पडद्यावर नाजूक, नव्या रक्तवाहिन्या फुटून रक्त झिरपत होतं. उपाय, लेसर.

डोळ्याचा पडदा निरोगी असताना पारदर्शक असतो. त्याच्या मागचा गडद थर लेसरचा प्रकाश शोषून तापतो, ती धग पडद्याला लागते आणि तिथे करडा-पांढरा ठिपका उमटतो. तो उमटला की डॉक्टरांना कळतं, इथे पुरे. जणू अंड्याचा रंग पाहून गॅस बंद करावा! असे हजार-दीड हजार ठिपके कडेच्या भागात द्यावे लागतात. प्राणवायूला भुकेलेला तो भाग शांत झाला, की नव्या वाहिन्या फुटण्याचं कारणच कमी होतं. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या पडद्यावरचे व्रण पाहून १९४०च्या दशकात गेर्ड मायर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरांना प्रकाशानं उपचार करण्याची कल्पना सुचली. लेसर आला १९६० साली. आणि अशा डोळ्यांत दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका लेसरमुळे निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ साली अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीनं दाखवून दिलं.

“काका, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखायचं आहे,” डॉक्टर म्हणाले होते. त्याची किंमतही मोजली. अंधारात आता जिना चाचपत उतरतो, बाजूनं येणारी सायकल उशिरा दिसते. पण नातवंडांचे चेहरे दिसतात, लिहिता येतं.

बँकेत असताना मी एक गोष्ट पाहिली होती. हप्ते वेळेवर येतात म्हणून ज्या कर्जदाराकडे तपासणीला कुणी फिरकत नाही, तेच खातं एक दिवस बुडीत निघतं. इतरांना हे बजावणारा मी, स्वतःच्या डोळ्यांबाबत मात्र ‘चालू आहे ना’ म्हणत राहिलो. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. साखर महिन्याला मोजतात, गोड चहावरून भांडणं होतात, पण बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहून घ्यायला कुणी जात नाही. कारण काय, तर ‘दिसतंय की!’

दिसतंय, तेव्हाच जायचं असतं. आता डोळ्यात देण्याची इंजेक्शनंही आहेत. पण कोणताही उपाय वेळेवर आलेल्यालाच जास्त देतो. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर त्याला वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. कुरकुर करेल, करू द्या. शिजलेल्या अंड्याचं पुन्हा कच्चं होत नाही, हे तर त्यालाही ठाऊक आहे.