उरलेले तीस श्रेयांक
अमेरिकेत हिशेबतपासनिसाचा, म्हणजे सीपीएचा, परवाना मिळविण्यासाठी परीक्षा आणि अनुभव यांच्या जोडीला महाविद्यालयीन अध्ययनाचे 150 श्रेयांक दाखविण्याची जी अट फ्लोरिडा राज्याने 1983 मध्ये प्रथम अमलात आणली आणि जी पुढे इतर राज्यांच्याही कायद्यांत दाखल झाली, तिचा खरा भार, चार वर्षांची पदवी सामान्यतः 120 श्रेयांकांतच पुरी होत असल्यामुळे, उरलेल्या 30 श्रेयांकांवर येऊन पडतो. ज्याच्यापाशी द्रव्य आहे तो पदव्युत्तर वर्गात नाव घालतो. परंतु दिवसभर नोकरी करून संसार चालविणारा उमेदवार कम्युनिटी कॉलेजचे स्वस्त वर्ग, किंवा ज्यांत सुमारे दीड तासाच्या एका बैठकीत तीन वा अधिक श्रेयांक पदरात पडू शकतात अशा कॉलेज बोर्डाच्या ‘क्लेप’ परीक्षा यांचा आश्रय घेतो, आणि यातील पुष्कळसे विषय हिशेबशास्त्राचे नसले तरी अनेक ठिकाणी कायद्याची त्याला हरकत नसते. या घाईबद्दल मी उमेदवाराला यत्किंचितही दोष देणार नाही. दोष आहे तो विद्वत्तेऐवजी वर्गातील तास मोजणाऱ्या नियमाचा. मुंबई-पुण्याकडच्या तीन वर्षांच्या वाणिज्य पदवीधराला तर परकीय पदव्यांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेच्या दाखल्यावाचून पाऊलही पुढे टाकता येत नाही. ओहायो राज्याने 2026 पासून पदवी, परीक्षा आणि दोन वर्षांचा अनुभव एवढ्यावर परवाना देण्याची जी तजवीज केली, ती मला सर्वथा न्याय्य वाटते. मात्र जेथे जुनी अटच कायम आहे, तेथील उमेदवाराने शुल्क भरण्यापूर्वी आपल्या राज्याच्या मंडळाकडून ते श्रेयांक ग्राह्य असल्याची लेखी खात्री अवश्य करून घ्यावी.