रांग विकायची नसते

रोलर कोस्टरच्या वेडाला आपल्याकडे अजून प्रतिष्ठा नाही. क्रिकेटचे वेड चालते, नाटकाचे चालते, भजनाचे तर गोव्यात अभिमानाने सांगावे. पण चाळिशी उलटलेला माणूस रुळांवर उलटासुलटा होण्यासाठी खोपोलीला नाहीतर बंगळुरूला जातो म्हटले की लोक त्याच्याकडे जरा दयेने पाहतात. पाहोत बापडे! आज त्या वेडाची वकिली करायची नाही. आज भांडायचे आहे ते रांगेवरून.

मोठ्या अम्युझमेंट पार्कच्या खिडकीवर आता दोन दर असतात. एक साधे तिकीट आणि एक त्याहून बरेच महाग, लवकर आत सोडणारे. कुठे त्याला फास्ट ट्रॅक म्हणतात, कुठे एक्स्प्रेस, कुठे आणखी काही. नाव कोणतेही असो, माल एकच. जादा पैसे भरणाऱ्याला जास्त उंच कोस्टर मिळत नाही, वेगळी गाडी मिळत नाही, बसायला मऊ गादीही मिळत नाही. त्याला मिळतो तो दुसऱ्याचा नंबर. आणि तो दुसरा, जो उन्हात पोराला कडेवर घेऊन उभा आहे, त्याने आपला नंबर कुणाला विकलेला नसतो.

'ज्याला परवडते तो घेतो, तुमचे काय जाते?' असे विचारणारे भेटतात. काय जाते ते हिशेबानेच पाहू. समजा, एका कोस्टरच्या गाडीत ३२ जागा आहेत आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला ३० खेपा, म्हणजे ९६० माणसे. तुमच्यापुढे ४८० माणसे असतील तर तुमचा नंबर अर्ध्या तासात लागतो. आता फलाटावर माणसे कमी नेमली, पट्टे तपासणारा एकटाच, पिशव्या ठेवायला धड जागा नाही, म्हणून गाडी दर तीन मिनिटांनी सुटू लागली. तासाला ६४० माणसे. तुमचा अर्धा तास पाऊण तास झाला. आता या ६४० जागांतल्या शंभरातल्या चाळीस महागड्या तिकिटवाल्यांना द्या. साध्या रांगेला उरल्या ३८४. तुमच्यापुढची माणसे तेवढीच, ४८०, पण आता तुम्ही सव्वा तास उभे! ३० मिनिटांची ७५ मिनिटे झाली, आणि तुम्ही मात्र तेच तिकीट, त्याच दराने काढलेले.

आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण गणित कुठल्याही पार्कात हेच चालते. गाडीतल्या जागा ठरलेल्या असतात. एकाला पुढे घ्यायचे तर दुसऱ्याला मागे सारावेच लागते.

मग रेल्वेत एसीचा डबा नसतो का, विमानात महाग खुर्ची नसते का, हा पुढचा सवाल. असते की! पण एसीच्या डब्यातला प्रवासी मडगावहून निघून मुंबईला पोचतो तेव्हा साध्या डब्यातला प्रवासीही त्याच फलाटावर उतरतो. एकाच्या गारव्यासाठी दुसऱ्याचा डबा रत्नागिरीला सोडून ठेवत नाहीत. पार्कात नेमके तेच होते.

आणि खरी गोम पुढेच आहे. रांग लांब असेल तरच रांग चुकवण्याचे तिकीट खपते. दहा मिनिटांत नंबर लागत असेल तर दुप्पट पैसे कोण मोजील? म्हणजे ज्याने रांग कमी करायची, त्याचीच कमाई रांग वाढण्यावर. दुसरी गाडी शेडमध्ये उभी ठेवली तरी त्याचे बिघडत नाही, उलट थोडे साधतेच. प्रत्येक पार्क मुद्दाम असे करते, असा आरोप मी करणार नाही. पण घोटाळ्याला कारण पुरवणारी व्यवस्था उभी करायची आणि वर सचोटीची अपेक्षा धरायची, हे धंद्याला शोभत नाही.

डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तो फुकट होता. साध्या रांगेची चाल त्यानेही मंदावली, पण निदान कुणाचा खिसा चाचपला जात नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत फुकटचा मामला संपला आणि पैसे मोजणे सुरू झाले. आपल्याकडच्या पार्कांनी त्यांच्याकडून उचलायला काय काय चांगले होते! स्वच्छता, हसतमुख कामगार, रांगेवर छप्पर. उचलले ते हे.

'गाड्या भराभर सोडल्या तर अपघात होतील' ही भीती घालून काही जण गप्प बसवतात. तर ऐका. कोस्टरचा मार्ग रेल्वेसारखाच टप्प्यांत वाटलेला असतो. पुढच्या टप्प्यातून गाडी बाहेर पडल्याशिवाय मागची आत शिरू शकत नाही, ब्रेक तिला आपोआप धरून ठेवतात. इंग्लंडमध्ये ऑल्टन टॉवर्सच्या 'स्मायलर'वर २ जून २०१५ रोजी १६ जणांची गाडी रुळांवर थांबलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोघी तरुणींना पाय गमवावा लागला. यंत्राने गाडी बरोबर थांबवली होती. पुढे रिकामी गाडी अडकली आहे हे ध्यानात न आल्याने माणसांनीच यंत्राचा हुकूम मोडून ती पुढे सोडली. २०१६ मध्ये कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. यातून शिकायचे ते असे की माणसे शिकवलेली हवीत, त्यांचा एकमेकांशी मेळ हवा आणि तपासणीला फाटा देता कामा नये. फलाटावर दोनाऐवजी चार माणसे पट्टे तपासू लागली तर गाडी लवकर सुटते आणि तपासणीही नीट होते. चपळाई वेगळी आणि घाई वेगळी. चपळाईला पगार मोजावे लागतात, हे मात्र खरे.

या धंद्याचा इतिहास तरी काय सांगतो? १८८४ मध्ये थॉम्प्सनने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटांत फिरवणारी घसरगाडी सुरू केली. टोकाला पोचले की लोकांनी उतरायचे आणि नोकरांनी गाडी ढकलून वर न्यायची. लगेच दुसऱ्या कुणी रुळांची दोन टोके जोडून टाकली, म्हणजे गाडी फिरून पुन्हा बसल्या जागी! पुढे साखळीने गाडी वर ओढणे आले, एका मार्गावर अनेक गाड्या आल्या. शंभर वर्षे या धंद्यातल्या हुशार माणसांनी डोके चालवले ते जास्त लोकांना लवकर बसवण्यासाठी. आज तीच हुशारी खोळंब्याला किंमत लावण्यात खर्ची पडते आहे.

गोव्यात मोठा कोस्टर नाही, तेव्हा हे भांडण आपले नव्हे असे कुणी म्हणेल. पण खोपोलीला नाहीतर बिडदीला जाणाऱ्या सहलींत आपलीच पोरे असतात. रात्रभर बसमध्ये अंग आखडून पोचलेल्या, मोजके पैसे खिशात असलेल्या त्या पोरांना तिथे पहिला धडा काय मिळतो? तर थांबायचे ते पैसे नसलेल्यांनी. फातर्प्याच्या जत्रेत किंवा म्हापशाच्या मिलाग्रीसच्या फेस्तात फेरीतला पाळणा लागतो. तिथे भाटकाराचा मुलगा आणि मुंडकाराचा मुलगा एकामागे एक उभे राहतात. पाळणा भरला की भरला. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात नोबल्स नावाचे जुने पार्क आहे. तिथेही आत शिरायला तिकीट नाही, बसाल त्या राइडचे पैसे द्या. थोडक्यात, जत्राच!

खरे तर ही खोड आपल्याला देवळांनी आधीच लावून ठेवली आहे. तिरुपतीला ३०० रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन आहेच. देवाच्या दारात नंबर विकत मिळतो, तर पाळण्याच्या दारात का नको, असे आपण मनाशी म्हणतो आणि गप्प राहतो. पण पंढरीच्या दर्शनबारीत तासन् तास उभा राहणारा वारकरी रांगेतल्या शेजाऱ्याला माउली म्हणतो, ते काय उगाच? रांगेत उभे राहिले की सगळे सारखे होतात. तेवढीच एक गोष्ट रांगेत फुकट मिळते, आणि तीच आता तिकिटावर आली आहे.

माझे मागणे फार नाही. तिकीट घेण्याआधीच खिडकीवर लिहावे की आज कोणती राइड किती गाड्यांवर चालते, आणि जागांतला किती हिस्सा जादा पैसेवाल्यांना दिला आहे. एकटा येणाऱ्यासाठी वेगळी रांग ठेवावी, म्हणजे गाडीत रिकामी जागा जाणार नाही. झेपतील तेवढीच तिकिटे विकावीत. एवढे करून मग रांग किती उरते ते पाहावे. आणि वाचकहो, तुम्ही गेलात तर खिडकीवर हे प्रश्न जरूर विचारा. मागचे लोक कुरकुरतील, 'लवकर आटपा' म्हणतील. म्हणू देत. वर तासभर उभे राहायचेच आहे, त्यात ही दोन मिनिटे अधिक.