ससा न कापता शरीर शिकता येते का?



अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी काही पालक हमखास विचारतात, "मॅडम, आता डिसेक्शनच राहिले नाही, तर मुले बायोलॉजी शिकणार कशी?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सर्वांसमोर देते.

मी बी.एस्सी. केले ते हिंदी माध्यमातून. आमच्या पुस्तकात 'शशक' म्हणजे ससा हा सस्तन प्राण्यांचा प्रतिनिधी असे. ट्रेमध्ये उताणा ठेवलेला ससा, लाल रंगवलेल्या धमन्या आणि निळ्या शिरा, हे चित्र त्या काळच्या प्रत्येक प्रॅक्टिकल फाइलमध्ये सापडे. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून ते पूर्ण बंद केले. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही हेच सांगतो की पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी काम भागत असेल तर प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, आणि केवळ हात बसावा म्हणून ते शक्यतो करू नयेत.

माझी चिंता वेगळी आहे. सुरी गेली, ते चांगले झाले. पण तिच्या जागी निरीक्षण यायला हवे होते, तेथे गाइड आले. मुले नावे पाठ करतात, आकृत्या छापील पुस्तकावरून उतरवतात आणि काही घरांत तर त्या आई-वडीलच काढून देतात. ससाही वाचला आणि डोळ्यांनाही सुट्टी मिळाली!

एक उदाहरण घेऊ. सशाला लाळग्रंथींच्या चार जोड्या असतात: कानापुढची, जबड्याखालची, जिभेखालची आणि डोळ्याखालची. माणसाला यांतली शेवटची जोडी नसते, म्हणून आपल्या मोठ्या लाळग्रंथींच्या जोड्या तीन. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. पण खरा प्रश्न पुढेच आहे. माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते. एवढे पाणी येते कुठून? ते येते रक्तातून. म्हणूनच मानेतील मोठ्या धमनीच्या शाखा या ग्रंथींपर्यंत पोहोचतात आणि आत शिरून बारीक केशवाहिन्यांचे जाळे विणतात. अवटू ग्रंथीची, म्हणजे थायरॉइडची, गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिला नळीच नाही. तिचा रस शरीरभर जायला रक्ताखेरीज दुसरा रस्ता नाही, म्हणून त्या लहानशा ग्रंथीला रक्तपुरवठा भरपूर असतो. हे 'का' समजले की धमनीचे नाव पाठ करावे लागत नाही, ते आपोआप लक्षात राहते.

आता हे पाहायचे कसे? त्यासाठी ससा नको, एक आरसा आणि अर्धे लिंबू पुरे. दात घट्ट आवळा, गालाच्या मागच्या बाजूला स्नायू टणक लागेल. त्याच्या लगेच पुढे, जबड्याच्या खालच्या कडेवर बोट अलगद ठेवा. ठोका लागेल. ही चेहऱ्याची धमनी. जबड्याखालच्या लाळग्रंथीला रक्त देऊनच ती वर चढलेली असते. आता आरशासमोर जीभ वर उचला. दोन निळसर रेषा दिसतील, त्या शिरा. मधल्या पडद्याच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना बारीक उंचवटे आहेत, तेथे त्या ग्रंथीची नळी उघडते. लिंबू जिभेला लावा आणि लाळ तेथून कशी पाझरते ते पाहा. गालगुंड झाल्यावर कानापुढे सूज का येते, हेही मग वेगळे सांगावे लागणार नाही.

प्राण्यांवरील प्रयोगांनी ज्ञान दिलेच नाही, असे मी म्हणणार नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लॉद बेर्नार यांनी १८५० च्या दशकात दाखवले की सशाच्या मानेतील एक चेता कापली की त्या बाजूचा कान गरम होतो, कारण त्यातील रक्तवाहिन्या रुंदावतात. कुत्र्याच्या लाळग्रंथीवरही त्यांनी दाखवले की ग्रंथी काम करू लागली की तिच्यातून वाहणारे रक्त वाढते. काम तसा रक्तपुरवठा, हे तत्त्व आपल्याला तेथून मिळाले. पण त्यांच्या स्वतःच्या पत्नीला हे प्रयोग मान्य नव्हते. आणि बेर्नार जे शोधत होते ते तोपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्या प्रयोगशाळेत मात्र उत्तर आधीच पुस्तकात छापलेले असते. ते पुन्हा वाचण्यासाठी एक जीव घेणे कोणत्या हिशेबात बसते?

"पण ज्यांना डॉक्टर व्हायचे आहे त्यांचे काय?" असेही विचारले जाते. त्यांना वैद्यकीय महाविद्यालयात देहदानातून मिळालेल्या मानवी देहावर शिकायला मिळेल. तेथे जाताना बारकाईने पाहण्याची सवय बरोबर असली पाहिजे. ती सवय लावणे हे शाळेचे काम आहे.

म्हणून तीन विनंत्या करते. विश्वस्त मंडळाने नव्या वर्षात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी सुटे होणारे चांगले मॉडेल घ्यावे आणि भिंग व आरसे पुरेसे द्यावेत, खर्च फार नाही. पालकांनी मुलांच्या आकृत्या काढून देऊ नयेत. वाकडी असली तरी ती त्याने पाहून काढलेली असावी. आणि मित्रांनो, तुम्ही आज घरी जाऊन जबड्यावरचा तो ठोका शोधा. उद्या वर्गात मी विचारणार आहे, आणि तेव्हा वही उघडायची नाही.