गृहविज्ञान : सामाईक कोठाराची जोडणी

हल्लीं पुष्कळ घरांतून दोन-तीन संगणक असतात, आणि लग्नकार्याचीं छायाचित्रें, दस्तऐवज व जमाखर्च एकाच सामाईक यंत्रावर ठेवण्याची सोय केलेली असते. लिनक्स प्रणालीच्या संगणकास हें कोठार मुख्यतः दोन रीतींनीं जोडतां येतें : सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें १९८४ सालीं विकसित केलेली ‘एनएफएस’ ही एक, व विंडोजच्या संगणकांस परिचित असलेली ‘एसएमबी’ ही दुसरी. ही जोडणी रोज हातानें करणें कंटाळवाणें. तेव्हां ती आपोआप व्हावी असें वाटणें साहजिक आहे.

याचा रूढ उपाय म्हणजे ‘एफएसटॅब’ या फाइलींत एक ओळ लिहिणें. कोणतें कोठार, कोणत्या फोल्डरच्या जागीं, कोणत्या रीतीनें व कोणत्या अटींवर जोडावें, हें त्या ओळींत क्रमानें सांगावयाचें असतें. कोठाराचें यंत्र बंद असल्यास मात्र संगणक त्याची वाट पाहत रखडतो. म्हणून अटींमध्यें ‘नोफेल’ हा शब्द घालण्याचा सल्ला जाणते लोक देतात. संगणक मग बिनतक्रार सुरू होतो.

आमच्या मतें खरा धोका येथेंच आहे. जोडणी झाली नाहीं तरी तिच्यासाठीं राखलेला रिकामा फोल्डर जागच्या जागीं असतोच. रात्रीं आपोआप बॅकअप घेणारा प्रोग्रॅम सर्वाधिकारानें चालत असल्यास तो सारीं छायाचित्रें त्या फोल्डरांत, म्हणजे आपल्याच संगणकाच्या डिस्कवर, लिहितो; आणि पुढें जोडणी झाली कीं तीं तिच्याखालीं झांकलीं जातात. पेढी बंद असतां पैसे तिच्या ओट्यावर ठेवून ‘खात्यांत जमा केले’ असें समाधान मानण्यासारखेंच हें होय! डिस्क बिघडली म्हणजे दुसरी प्रत नाहींच, हें ध्यानांत येतें.

याकरितां ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ ही अट अधिक श्रेयस्कर. तिच्या योगें फोल्डर प्रथम उघडतांना जोडणी केली जाते, आणि कोठार न सांपडल्यास स्पष्ट चूक दाखविली जाते. भलत्या जागीं मुकाट्यानें कांहींच लिहिलें जात नाहीं. ज्यांस जुनीच रीत ठेवावयाची असेल त्यांनीं बॅकअपपूर्वीं ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेनें जोडणीची खात्री करून घ्यावी.

ऑटोमाउंटची ओळ लिहून झाल्यावर कोठाराचें यंत्र एकदां मुद्दाम बंद करावें, संगणक पुन्हां सुरू करावा आणि फोल्डर उघडून पाहावा. चूक दाखविली गेली तर व्यवस्था नीट आहे. निमूटपणें रिकामा फोल्डर उघडला तर ती ओळ त्याच दिवशीं दुरुस्त करावी, अशी आमची वाचकांस सूचना आहे.